सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ: अर्धं जहाज डीलर मीटचं, उरलेलं आपलं

आधीच सांगते, जहाज वाईट नव्हतं. केबिन स्वच्छ, स्टाफ गोड, समुद्र शांत. पण बुकिंगपासून चेक-इनपर्यंत एक गोष्ट आम्हाला कोणी म्हणजे कोणीच सांगितली नाही, ती ही की त्या फेरीत जवळजवळ अर्ध्या केबिन आपल्याकडच्याच एका पाईपवाल्या कंपनीने तिच्या डीलर लोकांसाठी घेतलेल्या होत्या. तर हे सगळं सिंगापूरहून छोटी क्रूझ करणाऱ्यांसाठी, त्यातही बरोबर कोणी वयस्कर माणूस असेल त्यांच्यासाठी जास्त. आईस्क्रीम फुकट आहे का आणि वॉटर स्लाईड किती उंच हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल, मी त्यात शिरत नाही.

कळलं ते थेट टर्मिनलवर. मरीना बे क्रूझ सेंटरच्या रांगेत पुढेमागे सगळ्यांच्या गळ्यात पिवळ्या पट्टीची आयकार्डं, आणि तिथल्या बाईने आमचे चेहरे बघून काही न विचारता आम्हाला त्याच रांगेत ढकललं. पुढे सांगलीकडचे एक गृहस्थ होते, एकदम मोकळे, मला विचारतात, "वहिनी, तुम्ही कुठल्या झोनच्या?" नवरा म्हणाला झोन वगैरे नाही हो, आम्ही असंच फिरायला आलोय. त्यांनी आमच्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, मग बॅगांकडे, आणि म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या पैशानं?"

खरं तर तिथेच काय ते समजायला हवं होतं.

आता यात प्रकार असतात ते सांगते, कारण परत आल्यावर मी यावर बराच वेळ घालवलाय. एक म्हणजे अख्खं जहाज भाड्याने घेतलेलं, याला चार्टर म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडाहून २०११ पासून हेवी मेटल संगीताची अशी क्रूझ निघते, तिच्यावर सगळेच त्या संगीताचे वेडे, त्यामुळे तक्रार करायला साधा पॅसेंजर उरतच नाही. तुमचं बुकिंग आधी झालेलं असेल आणि नंतर कोणी पूर्ण जहाज घेतलं, तर कंपनी तुम्हाला दुसरी तारीख देते किंवा पैसे परत. वैताग आहे, पण निदान कळतं तरी. दुसरा प्रकार छोट्या ग्रुपचा, ब्रिज खेळणारे, गोधड्या शिवणारे, योगावाले. एखादी कॉन्फरन्स रूम घेतात आणि दिवसभर आत बसतात, कोणाला त्रास नाही. खरा घोळ तिसऱ्याचा, जिथे ग्रुप जहाज भरण्याएवढा मोठा नसतो पण जहाज चालवण्याएवढा मोठा असतो. तेव्हा थिएटर, डायनिंग, पूल डेक, सगळ्याचं टाइमटेबल त्यांच्या सोयीने बदलतं, आणि तुमच्या तिकिटाची किंमत मात्र तीच राहते. तिकिटाच्या अटी नीट वाचा, कार्यक्रम आणि जागा बदलायचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो, आणि मोठा ग्रुप असेल तर आधी कळवू असं कुठेही लिहिलेलं नसतं.

पहिल्या संध्याकाळी थिएटरच्या दारात पितळी दांड्यांना लाल दोर आणि त्यावर पाटी, प्रायव्हेट फंक्शन. आमचा शो? तो साडेपाचला एकदाच होता म्हणे, एरवी दोन खेळ असतात. साडेपाचला आम्ही केबिनमध्ये बॅगा उघडत होतो, कारण बॅगा तेव्हा पोचल्या. दुसऱ्या रात्री तिथेच त्यांचं अवॉर्ड फंक्शन. मुख्य डायनिंग हॉलचा एक मजला त्यांचा. बुफेमधला इंडियन काउंटर, ज्याच्या भरवशावर आम्ही सासूबाईंना घेऊन आलो होतो, त्याच्यासमोर रात्री पिवळ्या पट्टीवाल्यांची ही लांब रांग, आणि आमच्या गळ्यात पट्टी नाही म्हणून वाढणारा मुलगा बिचारा ओशाळून म्हणतो, मॅडम दहा मिनिटं थांबा. वर गंमत अशी की बाकीच्या पॅसेंजरांना आम्ही ग्रुपचेच वाटायचो. लिफ्टमध्ये एका गोऱ्या आजोबांनी आम्हाला ऐकवलं की काल रात्री तुम्ही लोकांनी झोपू दिलं नाही. अहो, आम्हीच झोपलो नाही! ग्रुप आपल्या देशातला असेल तर तुमचे दोन्हीकडून हाल, हे धरून चाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सिडनीहून सुटलेल्या एका जहाजावर असंच झालं होतं, आपल्याकडच्या एका कंपनीची हजारावर माणसं एका फेरीत, आणि पूल, बुफे सगळं त्यांनीच व्यापलं म्हणून ऑस्ट्रेलियात टीव्हीवर बातम्या झाल्या. तेव्हा मी ती बातमी वाचून हसले होते.

रात्रीचं म्हणाल तर पूल डेकवर रेट्रो बॉलिवूड नाईट, दीड वाजेपर्यंत. आमची केबिन बरोबर त्याच्या खालच्या डेकवर, म्हणजे गाणी ऐकू येत नाहीत, नुसता धप धप बेस छतातून उतरतो. केबिन निवडताना वर आणि खाली दोन्हीकडे केबिनचेच मजले असतील अशी घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. (एक कबूल करते, शेवटी झोप येईना म्हणून आम्ही दोघं वर गेलो, सांगलीकरांनी आत ओढलं, आणि मी चार गाणी नाचले. डीजे चांगला होता. ते वेगळं.) सकाळी सातला चहा घ्यायला गेले तर एक काका चंदेरी टिकल्यांच्या कोटात, बूट घालूनच आरामखुर्चीत घोरत होते, छातीवर ट्रॉफी, आणि डेक धुणारा मुलगा त्यांच्या पायांभोवतीने हळूच पाणी मारत होता.

पेनांग छान. जहाज गावातच लागतं, चालत फिरा, जॉर्जटाउनमध्ये फुकट बस पण आहे. पुढे.

फुकेत. आता हे नीट वाचा, कारण आमच्या पैशाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. मोठं जहाज पाटोंगला धक्क्याला लागत नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर सोडतात. क्रम असा, आधी ज्यांनी जहाजाकडून सहल घेतली ते, मग महागड्या स्वीटवाले (म्हणजे मोठ्या आलिशान खोल्यांवाले), आणि मग नंबराची चिठ्ठी घेतलेली आपण जनता. एरवी हे चालून जातं. पण या ग्रुपची अख्खी फुकेत सहल जहाजाकडूनच घेतलेली, म्हणजे नियमाप्रमाणे ते सगळेच्या सगळे आमच्या आधी. आम्ही सव्वासातला चिठ्ठी घेतली, नंबर १९. लाउंजमध्ये बसायला जागा नाही, सासूबाईंचा गुडघा, मुलगा भुकेला, आणि माईकवर दर दहा मिनिटांनी पिवळ्या पट्टीवाल्यांच्या बस नंबरांचा पुकारा. साडेदहाला नंबर ४. मी काउंटरवर जाऊन विचारलं तर बाई हसून म्हणते, "लवकरच, मॅडम." आम्ही बोटीत बसलो तेव्हा बारा वाजत आले होते, आणि शेवटची बोट साडेचारची. परतीची रांग धरून पाऊण तास आधी किनाऱ्यावर यायचं म्हटलं तर हातात राहिलं काय?

बोटीत चढताना एक लक्षात ठेवा, जहाज आणि बोट दोन्ही हलत असतात, मधे एक पाऊल टाकायचं असतं आणि ते पाऊल कधी खाली जातं कधी वर येतं. दोन माणसं दंडाला धरतात, त्यांच्यावर सोडून द्या, स्वतः उडी मारायला जाऊ नका. व्हीलचेअरवाल्यांना स्वतःची चार पावलं चालता येत नसतील तर लाटा असताना नेत नाहीत. सासूबाई गेल्या व्यवस्थित, आणि वर मलाच म्हणाल्या, तू कशाला घाबरतेस.

माझं स्पष्ट मत: टेंडरचं बंदर असेल आणि जहाजावर मोठा ग्रुप असेल, तर एकतर जहाजाची सगळ्यात स्वस्त सहल घेऊन टाका, निव्वळ आधी उतरायला मिळावं म्हणून, नाहीतर उतरूच नका. सगळे फुकेतला गेलेले असताना जहाज रिकामं असतं, पूल तुमचा, काउंटर तुमचा, तेव्हाच खरी क्रूझ. चिठ्ठी घेऊन वाट बघणं हा मधला मार्ग सगळ्यात वाईट आणि आम्ही नेमका तोच केला.

आणि पाटोंगचे टुकटुकवाले. किनाऱ्याला पाय लावला की घेरतात. जुन्या फुकेत टाउनला, पंधराएक किलोमीटर, एका बाजूचे १५०० बाट म्हणाला. खाली यायला तयार नाही, कारण त्याला पक्कं माहीत आहे की जहाजवाल्यांकडे वेळ नसतो. ग्रॅब आणि बोल्ट ही टॅक्सी बोलवायची अ‍ॅप्स दोन्ही चालतात तिथे, पण उतरण्याच्या जागेवर गाडी बोलवू नका, ड्रायव्हर यायलाच बघत नाही. रस्ता ओलांडून आत गल्लीत पाच-सात मिनिटं चाला, मग बोलवा. आम्हाला निम्म्याहूनही कमीत पडलं. सिम किंवा रोमिंग घेतलेलं नसेल तर मात्र टुकटुकवाला म्हणेल ते द्या आणि गप्प बसा.

तक्रार कशी करायची? जहाजावर असतानाच, लेखी, गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर. घरी येऊन मेल लिहिणाऱ्याला "आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो" एवढंच मिळतं. रोजच्या कार्यक्रमाचा जो कागद किंवा अ‍ॅप असतं त्याचा फोटो काढून ठेवा, कुठली जागा किती वाजेपासून किती वाजेपर्यंत बंद ते. सिडनीवाल्या प्रकरणात तक्रार केलेल्यांना पैसे परत दिल्याचं बातम्यांत होतं, पण ते टीव्हीवर गाजल्यावर. आम्हाला केबिनमागे ५० डॉलरचं क्रेडिट दिलं, ते पण जहाजावरच संपवायचं, रोख नाही. कॉफीत आणि मुलाच्या टोपीत गेलं. रागाने टिप्स बंद करायला मात्र जाऊ नका, त्या बिलात आपोआप धरलेल्या असतात आणि काउंटरवर सांगून काढताही येतात, पण त्यात केबिन साफ करणाऱ्या पोराचा वाटा जातो आणि ग्रुप त्याने थोडाच बोलावला होता.

बुकिंगच्या आधीचं. एजंटला फोनवर विचारू नका, मेलवर विचारा: अमुक तारखेच्या फेरीत चार्टर किंवा मोठा ग्रुप आहे का, आणि थिएटर, पूल डेक, डायनिंग यातलं काय बंद राहणार आहे. आमच्या एजंटने नंतर हात वर केले, म्हणे आम्हालाही कंपनी सांगत नाही. नसेल सांगत, पण मेल असला तर पुढे बोलता तरी येतं. मग कंपनीच्या कस्टमर केअरला तोच प्रश्न वेगळा विचारा. त्याशिवाय स्वतः बघण्यासारखी एक खूण, अ‍ॅपवर शोचं बुकिंग उघडलं की प्रत्येक रात्रीचा शो दिसतोय का बघा. एखादी रात्र कोरी असेल किंवा एकच खेळ भलत्याच वेळेला असेल तर समजून जा. जेवणाची वेळ निवडताना दोन्ही वेळा फुल दाखवत असतील तर तेही तेच. आम्हाला दोन्ही दिसलं होतं, आम्ही म्हटलं सीझन असेल. जहाजावर भेटलेल्या एका मराठी क्रूवाल्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे आठवड्याच्या मधे सुटणाऱ्या छोट्या फेऱ्यांवर असे कंपन्यांचे ग्रुप जास्त असतात, कारण केबिन स्वस्त पडतात. म्हणजे आपण ज्या कारणाने ती तारीख घेतो त्याच कारणाने तेही घेतात.

चढल्यावर पहिल्या तासात, बुफेकडे पळण्याच्या आधी, काउंटरवर बंद जागांची यादी मागा. देतात, मागितली तर. त्यांच्या मोठ्या कार्यक्रमाच्या रात्री पैसे भरून खायचं रेस्टॉरंट असेल तिथे टेबल घेऊन टाका, तेवढे पैसे त्या दिवशी वसूल होतात. नाश्ता बुफेत नको, डायनिंग हॉलमध्ये बसून करा, रात्री जागलेला ग्रुप तिकडे फिरकत नाही.

सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा आत येता येईल असाच हवा, कारण जहाज परत सिंगापूरला येतं तेव्हा ती नवी एन्ट्री धरतात. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, परत येतानाही पुन्हा भरायचं असतं, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. शेवटच्या सकाळी बॅगा स्वतः उचलून उतरणाऱ्यांना आधी सोडतात, तेच निवडा, नाहीतर ग्रुपच्या बॅगांच्या डोंगरात आपली लाल बॅग शोधत बसाल. मरीना साऊथ पियर मेट्रो स्टेशन चालत जाण्याएवढं जवळ आहे, टॅक्सीची रांग लावू नका.

परत जाईन का? सिंगापूरहून, हो, पण मेलवर "ग्रुप नाही" असं लेखी आल्याशिवाय एक रुपया भरणार नाही. सासूबाईंना विचाराल तर त्या आत्ता बॅग भरतील, त्यांना सगळंच आवडलं, सांगलीकरांच्या मिसेसनी त्यांना दोन डबे शेंगदाण्याची चटणी दिली. कंपनीला मी सविस्तर मेल टाकलाय, अजून तरी "अभिप्राय मोलाचा"च आलाय, पुढे काही आलं तर लिहीन.