तिसऱ्या स्ट्राइकनंतर

आमच्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघात दहावीची एकही मुलगी नाही. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावात मुलगी नववीत गेली की घरात बोर्ड आणि शिकवणी यांशिवाय तिसरा विषय निघत नाही, आणि तिचं मैदान सुटतं. म्हणून संघ उभा करायचं ठरवलं तेव्हा मी मोठ्या मुलींच्या मागे लागलेच नाही. सहावी-सातवीच्या वर्गांत गेले आणि खो-खो, लगोरीत चपळ असलेल्या मुली गोळा केल्या.

त्यांना मी चौदा वर्षांखालच्या गटात न उतरवता थेट सतरा वर्षांखालच्या गटात उतरवलं, याबद्दल बऱ्याच जणांनी मला सुनावलं. माझा हिशेब वेगळा होता. मुलगी नववीत खेळत राहणार की नाही, हे आठवीतच ठरतं. तोवर तिच्या घरच्यांना दिसलं पाहिजे की हा खेळ तिला कुठेतरी नेतोय. खेळाचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण या गोष्टी पालकसभेत सांगून कोणी हलत नाही. मुलीने मोठ्या संघाला हरवलेलं मात्र सगळ्या गल्लीला कळतं.

पण तेरा वर्षांची मुलगी सोळा वर्षांच्या मुलीला ताकदीने हरवणार नाही. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या पट्टीपासून होम प्लेट, म्हणजे बॅटर उभी राहते ती जागा, ४३ फूट. मोठ्या मुलीने विंडमिल पद्धतीने, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून सोडलेला चेंडू एवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. आमच्या मुलींची बॅट तोवर निम्मी वाटही गेलेली नसते. मग काय शिकवायचं? मी ठरवलं, खेळ शिकवायचा. म्हणजे नियम, कोणत्या चेंडूवर कुठे फेकायचं, कधी पळायचं आणि कधी थांबायचं.

आधी क्रिकेटच्या सवयी काढाव्या लागल्या. आमच्या मुली बॅट हातात घेऊनच पळायच्या. चेंडू हळू लागला की जागेवर थांबायच्या, कारण टीव्हीवर फलंदाज तसाच थांबतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मारला आणि तो मैदानात राहिला की पहिल्या बेसकडे पळायलाच लागतं; तिथून दुसरा, तिसरा बेस करत होमवर परतलं की एक रन. उलट खो-खोचा फायदा फार झाला. दिशा बदलणं, खाली वाकून झेपावणं या मुलींच्या अंगातच होतं. फक्त डोकं पुढे करून सूर मारायची सवय मोडून पाय पुढे टाकून घसरायला शिकवलं. बोटं आणि मान, दोन्ही वाचतात.

आणि रोजच्या सरावात एक गोष्ट कधी चुकवली नाही, ती म्हणजे सुटलेला तिसरा स्ट्राइक. स्ट्राइक म्हणजे बॅटरने हुकवलेला किंवा मारण्याजोगा असूनही सोडलेला चेंडू; असे तीन झाले की एरवी ती बाद. बॅटरने तिसरा स्ट्राइक घालवला, पण तिच्या मागे बसलेल्या कॅचरला तो चेंडू नीट झेलता आला नाही, तर बॅटर लगेच बाद होत नाही. पहिला बेस रिकामा असेल तर तिला पळता येतं. दोन बाद असतील, तर पहिल्या बेसवर कोणी असली तरीही पळता येतं. पुष्कळ मुलींना हा नियम माहीत असतो. पण माहीत असणं आणि स्ट्राइकआउट झाल्याचं वाईट वाटत असताना त्याच क्षणी पाय उचलणं यात फार अंतर आहे. मी बाजूला उभी राहून ‘तिसरा!’ म्हणून ओरडायचे, कॅचर मुद्दाम चेंडू सोडायची आणि मुलगी पळायची. पावसाळ्यात चेंडू बादलीत बुडवून हाच सराव केला. ओला चेंडू ग्लोव्हजमधून निसटतो, पिचरच्या बोटांतून घसरतो. आमच्या जिल्हा स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात येतात.

त्या दिवशी उपांत्य सामना होता. समोरचा संघ गेल्या वर्षीचा विजेता, बहुतेक मुली दहावी-अकरावीच्या. त्याच संघाने गेल्या वर्षी आम्हाला पाच डावांतच घरी पाठवलं होतं. पाच डावांनंतर ७ रनांची आघाडी असली की सामना तिथेच संपतो. सकाळपासून भुरभुर चालू होती. काळी माती बुटांना चिकटून बूट जड झाले होते, फक्कीच्या रेषा पुसट झाल्या होत्या. पंचांनी दोनदा मैदान पाहिलं आणि खेळ सुरू करायला सांगितला.

चार डावांनंतर आम्ही १-४ असे मागे होतो. पाचव्या डावात मी पिचर बदलली. हाही आधीच घेतलेला निर्णय होता. जपानच्या युकिको उएनोने २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्ण मिळवून दिलं, हे माझ्या मुलींना तोंडपाठ आहे आणि प्रत्येकीला उएनो व्हायचंय. तीच उएनो २०२१मध्ये टोकियोतही सुवर्ण जिंकली, तेव्हा ती ३९ वर्षांची होती. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. तेरा वर्षांच्या खांद्यावर सगळा सामना टाकायचा नाही, हे मी संघ बांधतानाच ठरवलं होतं. खालून टाकलेल्या चेंडूने हात दुखत नाही, हा समज खोटा आहे. म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून तीन मुली पिचिंग शिकतात.

दुसरी पिचर सातवीतली. तिचा चेंडू पहिलीपेक्षा बराच हळू, पण हात तितक्याच जोरात फिरतो. चार डाव वेगवान चेंडू पाहिलेल्या मोठ्या मुली तिच्या चेंडूवर आधीच बॅट फिरवू लागल्या. उंच, सोपे झेल वर गेले. पाचवा डाव एकही रन न देता निघाला.

सहाव्या डावात आमची बॅटिंग. एक चेंडू बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता हळूच समोर ढकलला, एक वॉक मिळाला, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे पहिला बेस फुकट, एकीच्या दंडाला चेंडू लागला. तिन्ही बेस भरले, पण दोघी बाद झालेल्या; तिसरी बाद झाली की डाव संपणार. बॅटिंगला आली आमच्या संघातली सगळ्यात लहान मुलगी. हेल्मेट तिच्या भुवयांपर्यंत येतं. पहिले दोन स्ट्राइक तिने नुसते पाहिले. तिसऱ्या चेंडूला तिने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. चेंडू प्लेटवर खाली पडला, मातीला लागला, कॅचरच्या ग्लोव्हजला आपटून तिच्या पायाशी थांबला.

पंचांनी स्ट्राइकची खूण केली, बाद म्हणून नाही. कॅचरने मात्र चेंडू उचलला आणि पिचरच्या वर्तुळाकडे घरंगळत सोडून दिला. त्यांच्या मुली टाळ्या देत बाहेर निघाल्या. बेस भरलेले असल्याने तिसऱ्यावरच्या रनरला होमकडे पळणं भागच होतं, म्हणून कॅचरने तो चेंडू हातात धरून होम प्लेटला नुसता पाय लावला असता तरी डाव संपला असता. तीन पावलंही नव्हती.

मी तिसऱ्या बेसजवळ उभी होते. मला ओरडायला सुचायच्या आत पहिल्या बेसजवळून आवाज आला, “ताई, पळ! पळ!” तिथे कोच म्हणून सहावीतली मुलगी उभी केली होती, तिला अजून संघात जागाही मिळालेली नाही. आणि बॅटर पळाली. बॅट टाकून पळाली. तिच्याबरोबर तिन्ही रनर निघाल्या. तिसऱ्यावरची आली, दुसऱ्यावरची आली. तेवढ्यात त्यांच्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या लक्षात आलं. तिने धावत जाऊन वर्तुळातला चेंडू उचलला आणि होमकडे फेकला, पण झेलायला तिथे कोणी नव्हतं. पहिल्यावरची मुलगी पाय पुढे टाकून चिखलातून घसरत आली. ४-४.

त्यांचे सर धावत आले. पंचांनी आवाज न चढवता नियम सांगितला: दोन बाद, चेंडू झेललेला नाही, बॅटर डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत गेलेली नाही, चेंडू जिवंत. त्या सरांनी ऐकून घेतलं आणि मग आपल्या कॅचरच्या पाठीवर हात ठेवून तिला पाणी दिलं. ती मुलगी रडत होती. आमच्या मुली नाचत होत्या. त्यांना मी आधी जागेवर जायला सांगितलं. कारण ती कॅचरही शाळकरी मुलगीच, आणि ओल्या चेंडूसमोर तिने पाच डाव चांगले काढले होते.

पुढचं थोडक्यात. ठरलेले सात डाव संपल्यावरही बरोबरी, म्हणून आठव्यात टायब्रेक, म्हणजे दुसऱ्या बेसवर रनर ठेवून डाव सुरू. आम्ही बंट करून तिला तिसऱ्यावर नेलं आणि आमच्या डावखुऱ्या मुलीने पळता पळता चेंडू शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या मधून ढकलला. ५-४. त्यांनीही बंट करून रनर तिसऱ्यावर आणली. मग एक उंच झेल आणि शेवटी तिसऱ्या बेसकडे जमिनीवरून आलेला चेंडू. थ्रो ओला आणि खाली होता. आमच्या पहिल्या बेसवरच्या मुलीने दुहेरी बेसच्या पांढऱ्या, म्हणजे फिल्डरच्या भागावर पाय ठेवून स्वतःला लांबवलं आणि चेंडू मातीतून उचलला.

दुपारचा अंतिम सामना आम्ही ०-७ हरलो, पाच डावांत. पिचिंग संपलं होतं आणि पायही संपले होते. मला त्याचं दुःख नाही असं म्हणणार नाही. विभागीय स्पर्धेला जायची संधी गेली.

पण दुसऱ्या दिवशी त्या लहान मुलीचे वडील शाळेत आले. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरीला रविवारी सरावाला सोडायचं नाही, असं त्यांनी आधी ठरवलेलं होतं. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो नियमाचा. “मॅडम, बाद झाली होती ना ती? मग पळाली कशी?” मी फळ्यावर चौकोन काढून समजावलं. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं, आणि रविवारी सकाळी सात ते नऊ तिला पाठवायचं कबूल करून गेले.

या जूनमध्ये आमच्या चार मुली नववीत जातील. तिघींच्या घरून होकार आलाय. चौथी म्हणजे आमची कॅचर. तिची आजी नाही म्हणते आहे, शिकवणीची वेळ आणि सरावाची वेळ एकच येते म्हणून. शिकवणीच्या सरांशी बोलून मी वेळ अर्धा तास पुढे करून घेतली आहे. रविवारी सराव संपल्यावर आजींकडे जाणार आहे.