गणवेशांसाठी घेतलेला जुना कंटेनर

"अक्का, आत जाऊन उभ्या राहा. मी बाहेरून दार लावतो. डोळे अंधाराला सरावले की छताकडं बघा."

उरणजवळच्या कंटेनरच्या एका यार्डात अण्णा मला सांगत होते. सोलापुरात माझ्या गाळ्याशेजारी त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. आत मिट्ट काळोख. जरा वेळानं छताच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे तीन उजेडाचे ठिपके दिसले. उजेड येतो तिथून पाणीही येणार. तो कंटेनर आम्ही सोडला. त्या दिवशी चार सोडले, पाचवा घेतला.

सोलापुरात गणवेशाचा धंदा म्हणजे महिनोन्महिने शिवायचं आणि शाळा उघडायच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत विकायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात मशीन मावतात, माल मावत नाही. एका वर्षी परतीच्या पावसात गळक्या शेडखाली कापडाचे ताके भिजले. ते डाग धुवून गेले नाहीत. तेव्हाच ठरवलं, की माल ठेवायला जुना कंटेनर, म्हणजे जहाजावरून माल नेणारी लोखंडी पेटी घ्यायची.

पहिली चौकशी 2021 मध्ये केली. यार्डवाले फोनवर भाव सांगायलाही तयार नव्हते. एका दलालानं फोटो पाठवून ॲडव्हान्स घेतला आणि नंतर "तो विकला गेला" म्हणाला. पैसे परत मिळायला चार महिने लागले. मला वाटलं, भंगाराच्या वाटेवरच्या पेटीला एवढा भाव कसा? उत्तर अण्णांकडे होतं, कारण परदेशी पाठवायचे त्यांचे टॉवेल पॅक होऊन पडले होते आणि न्हावा शेवा बंदरातून रिकामा कंटेनर मिळत नव्हता.

त्यांनी समजावलं ते असं. चीनहून माल भरून अमेरिकेत गेलेल्या पेट्या तिथल्या बंदरांवर अडकल्या होत्या. चीनमधले निर्यातदार जास्त भाडं देत होते, म्हणून जहाज कंपन्या रिकाम्या पेट्या आधी तिकडं पळवत होत्या. त्यात मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं अवाढव्य जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं. अशा वेळी कंपन्या जुनी पेटी विकत नाहीत. एरवी बारा-पंधरा वर्षं समुद्रावर काढली की ती विक्रीला निघते, पण टंचाईत तिलाच डागडुजी करून पुन्हा जहाजावर चढवतात. म्हणजे अण्णांना टॉवेलसाठी एम्प्टी, म्हणजे रिकामी पेटी, मिळत नाही तेव्हा मलाही जुनी पेटी मिळत नाही. दोघांचं नशीब एकाच दोरीला बांधलेलं.

2023 मध्ये चित्र पालटलं. टंचाईच्या काळात चीननं विक्रमी संख्येनं नवे कंटेनर बनवले होते आणि नंतर जगाची मागणी मंदावली. डेपोत पेट्यांवर पेट्या रचलेल्या. नवरात्राच्या आधी अण्णांचा फोन आला, "आता चला."

छताचं सांगितलंच. त्याखेरीज वाकून तळ बघितला. वरून रंग मारून देखणी केलेली पेटी खालच्या आडव्या पट्ट्यांना गंजून पोखरलेली असू शकते. दाराचं रबर बोटानं दाबून पाहिलं. फळ्यांचा वास घेतला, हे मी कंटेनर घेणाऱ्या प्रत्येकीला सांगेन. तळाच्या प्लायवूडला कीड लागू नये म्हणून औषध लावलेलं असतं, शिवाय आधी कसला माल वाहिला ते आपल्याला माहीत नसतं. एका पेटीत उग्र रासायनिक वास होता. लहान मुलांच्या अंगावर जाणारं कापड मी त्यात ठेवणार नव्हते, भाव कितीही कमी असला तरी.

मग कागद. परदेशी कंपनीचा कंटेनर सहा महिन्यांत देशाबाहेर परत जाईल या हमीवर बिनशुल्क आत येतो. तो इथेच विकायचा तर सीमाशुल्क भरावं लागतं. म्हणून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सीमाशुल्काकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागितली आणि त्यावरचा नंबर पेटीवरच्या नंबराशी ताडला. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला शेवटचा एक आकडा. तो आकडा आधीच्या दहांवरून गणितानं निघतो. अण्णांच्या कारकुनानं फोनवर हिशेब करून "बरोबर आहे" म्हटल्यावरच मी पैसे दिले.

वीस फुटी पेटी, रिकामं वजन सव्वादोन टनांच्या आसपास, आत सुमारे 33 घनमीटर जागा. ट्रेलर पनवेल, पुणे, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत दुसऱ्या दिवशी पहाटे पोचला. आमच्या गल्लीत महावितरणच्या तारा खाली आल्यात, म्हणून ट्रेलर मोठ्या रस्त्यावरच थांबवला आणि हायड्रा क्रेननं पेटी उचलून हळूहळू आत आणली. चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे आधीच घातले होते. एक ठोकळा अर्धा इंच खाली होता, तेवढ्यानं दार लागेना. पेटी पुन्हा उचलून पत्र्याची चकती घातली, तेव्हा दार बसलं. दसऱ्याला पूजा केली.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि लोखंडी पेटी भट्टीसारखी तापते. छताला चुना दिला, वर दोन फूट अंतर सोडून पत्र्याची शेड टाकली, समोरासमोर जाळीच्या खिडक्या कापून घेतल्या. गठ्ठे भिंतीला टेकू देत नाही, लाकडी पॅलेटवर ठेवते. पावसाळ्यात रात्री पत्रा गार होतो आणि आतली दमट हवा थेंब होऊन छताला लटकते. छिद्र नसतानाही कापड ओलं होऊ शकतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगते आणि ऊन पडलं की दोन्ही दारं सताड उघडते.

2024 मध्ये दुसरा घ्यायला गेले, तर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालत होती. फेरी दहा-पंधरा दिवसांनी लांबली, तेवढे दिवस पेट्या पाण्यावर अडकल्या आणि यार्डात पुन्हा तेच उत्तर मिळालं. मी घाई केली नाही. शेजारी चार ठोकळे एका पातळीत बसवून ठेवलेत. अण्णा भेटले की आधी विचारते, "एम्प्टी मिळतायत का?" ते ज्या दिवशी "हव्या तेवढ्या" म्हणतील, त्या रात्रीच्या गाडीनं मी उरणला निघणार आहे.