टेकडी, मैदान, गल्ली, गॅलरी

कुत्र्याच्या तोंडावर पांढरे केस आले की ते म्हातारं झालं, असं लोक धरून चालतात. आमच्या ठमीची हनुवटी सहाव्या वर्षीच पांढरी झाली होती आणि त्यानंतरही ती टेकडीवर मोरांच्या मागे धावत होती. (एकही मोर हाती लागला नाही. लागला असता तर पुढे काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.) त्यामुळे पांढऱ्या केसांवर माझा विश्वास नाही. खरी खूण निराळी आहे. कुत्र्याचं शहर लहान व्हायला लागतं.

ठमी अर्धी लॅब्रेडोर आणि उरलेली अर्धी अस्सल कोथरूडची. भरात होती तेव्हा तिचं पुणं चांगलं ऐसपैस होतं. रविवारी पहाटे वेताळ टेकडी ठरलेली. ही पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण २६०० फूट. पुणंच मुळात १८०० फुटांवर वसलेलं, म्हणजे प्रत्यक्ष चढ काही फार नाही. पण हा हिशेब माझ्या गुडघ्यांना कधी पटला नाही आणि ठमीला त्याची गरज पडली नाही. ग्लिरिसिडियाच्या झाडीत नाक खुपसत, वेताळाच्या देवळावरून जुन्या खाणीतल्या पाण्यापर्यंत ती जायची. आमच्या दुप्पट चालायची, कारण पुढे पळत जाऊन, आम्ही येतोय ना, हे बघायला पुन्हा मागे यायची.

टेकडी तिने आपणहून सोडली. एका रविवारी पायथ्याशी गाडीतून उतरली, वर बघितलं आणि खाली बसली. कुरकुर नाही, लंगडणं नाही. मी पट्टा धरून उभा. मग उठली आणि गाडीच्या दाराशी जाऊन थांबली. इतका नीटनेटका राजीनामा मी आमच्या ऑफिसातही पाहिला नाही.

युधिष्ठिराबरोबर गेलेल्या कुत्र्याची गोष्ट कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ऐकवतंच. द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले, कुत्रा मात्र शेवटपर्यंत सोबत चालला, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिराने नकार दिला. छानच आहे. पण त्या कुत्र्याचं वय काय होतं, हे कुणी विचारत नाही. हस्तिनापुराहून हिमालय चढून मेरूपर्यंत पायी गेलेलं ते कुत्रं फार तर चार-पाच वर्षांचं असणार. म्हातारं असतं तर धर्मराजाला स्वर्गाच्या दाराशी नव्हे, पहिल्याच चढाला ठरवावं लागलं असतं.

टेकडीनंतर मैदान सुटलं, फारसा गाजावाजा न होता. तिथे दोन तरणी कुत्री नवी यायला लागली होती. त्यांच्या दंग्याकडे ठमी जरा वेळ बघायची, तुच्छतेने बहुधा, आणि वळायची. मग उरली आमची गल्ली. डोळ्यांवर निळसर झाक आली होती. तो मोतीबिंदू नव्हता. वयाबरोबर भिंग घट्ट होत जातं त्याची ती झाक, त्यातून बऱ्यापैकी दिसतं, असं डॉक्टरताई म्हणाल्या. कान गेले. नाक मात्र शाबूत होतं, आणि नाक शाबूत असलेल्या कुत्र्याला गल्ली पुरते. विजेच्या एकाच खांबापाशी ती इतका वेळ थांबायची की येणारे-जाणारे मला पत्ता विचारायचे. अंतर कमी झालं, फिरायचा वेळ तेवढाच राहिला. पूर्वी ती पुणं पायांनी फिरायची, आता एका जागी उभं राहून वाचायची. या गल्लीत पेरूच्या गाडीपाठोपाठ रोज अकराला एक मांजर जातं, हे मला तिच्यामुळे कळलं. तोवर मी तिथे इतकी वर्षं नुसताच राहत होतो.

कान गेल्याचं आम्ही हळहळून बोलायचो, पण गणपती आले आणि मत बदललं. पुण्यात कुत्रं पाळणाऱ्याला ढोल-ताशाचं काय ते विचारा. उत्सव दहा दिवसांचा असला तरी पथकांचा सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो. संध्याकाळ झाली की नदीकाठावरून, मैदानांवरून तो घुमत येतो. ठमी उमेदीची सगळी वर्षं भाद्रपद न्हाणीघरात काढत आली. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तोवर आमच्यापैकी कुणीतरी बादलीशेजारी पाटावर बसून तिच्या पाठीवर हात ठेवायचा. शेवटच्या वर्षी खालून पथक गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि ठमी हॉलच्या मधोमध पाय पसरून घोरत पडली होती. आई म्हणाली, "बाप्पा पावला हो हिला."

आईचं आणि तिचं म्हातारपण बरोबरीनं चाललं होतं. आई ८१, ठमी १४. सातने गुणायच्या जुन्या हिशेबाने ठमी ९८ची, म्हणजे आईनेच तिला वाकून नमस्कार करायला हवा. हे आईला मंजूर नव्हतं. शेजारचे गणिताचे निवृत्त सर तिच्या मदतीला आले. २०२० साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी लॅब्रेडोरांच्या डीएनएवरच्या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून नवं सूत्र काढलं होतं: वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, १६ने गुणा, ३१ मिळवा. सरांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकडेमोड करून ७३ असं उत्तर काढलं आणि "अर्धी लॅब्रेडोर आहे, तेव्हा उत्तरही अर्धवट समजा," अशी तळटीप जोडली. आपण मोठ्या ठरलो, यावर आई खूश होती. दोघींना सांध्यांसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या चालू होत्या, वेगवेगळ्या डब्यांतून. दुखण्याच्या गोळीच्या बाबतीत मात्र अशी बरोबरी करू नये. आपल्या घरात सहज सापडणारी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरताईंनी आईला दोनदा बजावलं होतं. आईचा हात सढळ आहे.

गुळगुळीत फरशा या म्हाताऱ्या कुत्र्याच्या वैरी. मागचे पाय फाकतात आणि उठता येत नाही. शहाबादी फरशीवर कुत्री सुखाने म्हातारी होत असतील. आम्ही हॉलभर योगासनांच्या चटया अंथरल्या, त्यांवर सतरंज्या. आल्यागेल्याला वाटायचं, घरात शिबिर आहे. लिफ्टमध्ये कुत्र्यांना बंदी असल्याची पाटी आमच्या सोसायटीत ज्यांनी मोठ्या हौसेने लावून घेतली होती, तेच गृहस्थ आता लिफ्टचं दार धरून उभे राहायचे. पाटी तशीच होती. पुण्यात पाटी उतरवत नाहीत, अपवाद करतात.

मग गल्लीही सुटली आणि गॅलरी उरली. तिथे सकाळचं ऊन येतं. ठमी ग्रिलमधून नाक बाहेर काढून पडून राहायची. मूत्रपिंडं थकली होती. दहीभात दोन घास खायची, आईसाठी. डॉक्टरताई म्हणाल्या, रोज रात्री ठरवा, आजचा दिवस तिच्यासाठी चांगला होता की वाईट, आणि लिहून ठेवा. आपलं मन आपल्याला फसवतं, कागद फसवत नाही. बायकोने कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी खुणा करायला सुरुवात केली. महिन्याच्या शेवटी ते पान बघितलं आणि दोघंही गप्प झालो.

आतापर्यंतचे सगळे निरोप ठमीने स्वतः घेतले होते. टेकडीचा, मैदानाचा, गल्लीचा. आम्ही फक्त पट्टा धरून मागे होतो. हा एक मात्र तिने आमच्यावर सोपवला, आणि मला त्याचा रागच आला होता, खरं तर.

मी पुस्तकं काढली. संकट आलं की मी पुस्तकं काढतो. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं, उपाय उरला नव्हता, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववून त्याची सुटका केली. अहिंसेच्या माणसाने हे केलं म्हणून लोक खवळले, पत्रांचा पाऊस पडला, आणि गांधीजींनी आपली बाजू जाहीरपणे लिहून मांडली. हे सगळं मी आईला सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गांधीजींचं राहू दे. तिच्याकडे बघ आणि फोन कर." मग थोडं थांबून, "आम्हाला ही सोय नाही."

डॉक्टरताई घरी आल्या. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडेच राहतील, घाबरू नका, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगी बंगळुरूहून व्हिडिओवर होती. गॅलरीत ऊन होतं तिथेच केलं. ज्याला हे करायचं आहे त्याला मी एवढंच सांगेन, की जवळ थांबा. जमणार नाही असं वाटतं, पण जमतं.

संगम माहुलीला, साताऱ्याजवळ, साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. ठमीने आम्हाला कशापासूनही वाचवलं नव्हतं, झुरळापासूनसुद्धा नाही. तिला महापालिकेची दाहिनी मिळाली आणि आम्हाला पावती. पावतीवर नावाच्या रकान्यात कारकुनाने 'ठमाबाई' लिहिलं होतं. तिला शोभलं ते.

चटया उचलल्या, तेव्हा पहिले दोन दिवस आईच घसरता घसरता वाचली, म्हणून पुन्हा घातल्या. "आता दुसरं कधी आणताय?" हे विचारणारे भेटतात, त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून मी उत्तर देत नाही. सकाळी सवयीने गल्लीत जातो. पेरूवाला विचारतो, मांजर अजून येतं, खांबापाशी आता मी थांबत नाही. थांबलो तर लोक खरंच पत्ता विचारतात.

परवा कपाट आवरताना आईला ठमीच्या गोळ्यांचा डबा सापडला, जवळजवळ भरलेला. तिने चष्मा लावून लेबल वाचलं, आपला डबा आणून शेजारी ठेवला, पुन्हा वाचलं.

"अरे, औषध एकच आहे की. डॉक्टरताईंना विचार बरं, मला चालतील का. एवढ्या महागाच्या."

मी फोन लावला. ताई बराच वेळ हसत होत्या, मग नाही म्हणाल्या. आईने डबा तरीही टाकलेला नाही.