गाडीचं युनिट नक्की कितीला पडतं?

इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, घरी चार्ज करा, सात रुपये युनिट. पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं आणि ते अठराशे-एकोणीसशेवरून थेट पाच हजारांवर गेलेलं. मीटर खराब आहे म्हणून तक्रार करायच्या तयारीतच होते मी. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, थांबवलं. "अगं, आधी बिलाची मागची बाजू वाच."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. जे समजलं ते नीट लिहून ठेवतेय, कारण हा हिशोब बहुतेक जण चुकीचा करतात आणि नवीन गाडी घेणाऱ्याला तोच चुकीचा आकडा सांगतात.

आमचं घर नाशिकच्या इंदिरानगरला, माझं कॉलेज सिन्नरला. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे 1440 किलोमीटर. घरच्या मीटरवर मोजलं तर गाडी युनिटला सात किलोमीटर देते, म्हणजे गाडीचे साधारण 205 युनिट. घराचा वापर आधीपासून 180 च्या आसपास.

आता खरी गोम. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. शंभर युनिटांचा स्वस्त टप्पा फ्रिज, पंखे आणि गिझरनेच संपवलेला असतो. गाडीच्या वाट्याला 181 वं युनिट येतं! 2024-25 च्या दराने दुसऱ्या टप्प्यात वीज आकार 10.29, वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा) 1.17, वर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे 13.29 रुपये. तिसऱ्या टप्प्यात वीज आकार 14.55, सगळं धरून 18.24. (इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो धरलेला नाही.) गाडीचे 120 युनिट दुसऱ्या टप्प्यात, 85 तिसऱ्यात. बेरीज 3145 रुपये. म्हणजे युनिटला सव्वापंधरा रुपयांच्या वर आणि किलोमीटरला दोन रुपये अठरा पैसे. सात रुपये कुठेच नाहीत.

बाहेरच्या चार्जिंगचं गणित पुण्याला माहेरी जाताना कळलं. संगमनेरच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर होता, दर वीस रुपये युनिट, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23.60. एकवीस युनिट भरले, 496 रुपये. वरवर पाहता घराच्या दीडपट. पण तिथल्या पडद्यावरचे युनिट जवळजवळ सगळे बॅटरीत गेले. घरी मीटरवर दहा युनिट फिरले की बॅटरीत नऊच्याही आत पोहोचतात, बाकीचे गाडीतल्या चार्जरच्या उष्णतेत जातात. हे धरलं तर महिनाभर बाहेरच भरूनही खर्च सव्वाचार हजारांच्या आसपास येतो. फरक अकराशेचा. तो मोठाच आहे, पण लोक सांगतात तसा तिप्पट-चौपट नाही. वेळ मात्र वेगळा मोजायला हवा. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग इतकं मंदावतं की मागची गाडी थांबवून शंभर टक्के भरत बसणं मला योग्य वाटत नाही.

घरच्या बाजूला आणखी एक खर्च आहे, जो कुणी धरत नाही. पहिल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनने पोर्चमधल्या जुन्याच वायरवर सोळा अँपिअरचा सॉकेट बसवून दिला. गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर तेवढाच लोड घेते. चौथ्या दिवशी पहाटे प्लग काढायला गेले तर प्लास्टिक जळल्याचा वास, सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती तपकिरी वर्तुळ आणि प्लगची पिन हात लावू नये इतकी गरम. शेजारीच मुलाची सायकल आणि वर्तमानपत्रांची रद्दी. ते पाहून माझे हातपाय गार पडले. मग दुसऱ्या माणसाकडून मेन बोर्डापासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र अर्थिंग आणि वीजगळती झाली की आपोआप वीज बंद करणारा ब्रेकर, सगळं करून घेतलं. 6,800 रुपये गेले. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी विनवून सांगते, ॲक्सेसरीज नंतर घ्या, हे आधी करा.

तरी पेट्रोलपेक्षा हे स्वस्तच आहे. जुनी गाडी लिटरला सोळा देत होती, किलोमीटरला साडेसहा रुपये जात होते.

राहिला प्रश्न टप्प्यांचा. गाडी चार्ज करण्यासाठी महावितरणकडून वेगळी जोडणी मिळते. तिला युनिटांचे टप्पे नसतात, आणि घरचं बिल पुन्हा 180 युनिटांवर येतं. अर्ज केलाय. पोर्चच्या भिंतीवर दुसऱ्या मीटरसाठी जागा अण्णांनी खडूने आखून ठेवलीय, आणि कॅलेंडरवर रोजचं रीडिंग लिहितात तिथे आता एका चौकोनाचे दोन भाग केलेत. डावीकडे घर, उजवीकडे गाडी. उजवी बाजू अजून कोरी आहे.