छत्तीसचा डबा सव्वीसला द्यायचा का?

एप्रिल २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात ऐरोलीच्या एका कंपनीतून फोन आला. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, त्यांना कर्मचाऱ्यांना जेवणाचा डबा भेट द्यायचा होता. आमचाच ७५० मिलीचा प्लास्टिकचा डबा, पण हिरव्या रंगात आणि झाकणावर त्यांचं चिन्ह उठवलेलं. २०,००० नग, चार आठवड्यांत, भिवंडीच्या गोदामात पोहोच. भाव २६ रुपये.

दादाने फोन ठेवला आणि म्हणाला, "आपल्याला ३१ ला पडतो. एका डब्यामागे पाच रुपये आपण घालायचे? लाखाचा खड्डा आहे हा."

आमचा गाळा रबाळ्याच्या एमआयडीसीत आहे. बाबांनी उभा केला, आता माल आणि विक्री दादा बघतो, हिशेब मी. हा डबा आम्ही ठाण्याला जांभळी नाक्याच्या घाऊक व्यापाऱ्यांना ३६ रुपयांनी देतो आणि कॉस्टिंगच्या कागदावर तो ३१ ला पडतो. तो कागद मीच केलेला, त्यामुळे दादाला उत्तर देणं माझ्यावरच आलं. रात्री कळव्याला घरी आल्यावर मी तो उघडून बसले.

कागदावर डब्याला १०० ग्रॅम प्लास्टिकचा दाणा, किलोला ११० प्रमाणे ११ रुपये. रंगाचा मास्टरबॅच (दाण्यात मिसळायचा घट्ट रंग) ५० पैसे, झाकणाची रिंग २ रुपये, खोका आणि पॅकिंग साडेतीन, वीज दीड. हे झाले साडेअठरा. वर मजुरी साडेतीन आणि ओव्हरहेड ९ रुपये. मिळून ३१.

त्या ९ रुपयांपाशी मी बराच वेळ थांबले. त्यात गाळ्याचं भाडं आहे, मशीनच्या कर्जाचं व्याज, घसारा, फोरमनकाकांचा पगार, महावितरणचा डिमांड चार्ज, म्हणजे एका वेळी किती वीज ओढतो त्यावरचा आकार. वर्षभराचा हा सगळा खर्च मी वर्षभराच्या डब्यांवर वाटला, म्हणून डब्याला ९ रुपये आले. पण ही ऑर्डर घेतली म्हणून भाडं वाढणार नव्हतं आणि नाकारली म्हणून कमी होणार नव्हतं. मजुरीचंही तसंच: माणसं पगारी आहेत, मशीन रिकामं उभं राहिलं तरी पगार द्यावाच लागतो. ३१ हा आकडा खोटा नाही. वर्षाचा सरासरी डबा कितीला पडला ते तो सांगतो. मला मात्र वेगळंच विचारायचं होतं: हो म्हटलं तर खिशातून जास्तीचे किती जातील, आणि जास्तीचे किती येतील?

त्या हिशेबाने साडेअठराचा डबा २६ ला, म्हणजे नगामागे साडेसात रुपये. २०,००० डब्यांचे दीड लाख. चिन्हासाठी मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, नवा इन्सर्ट (चिन्ह कोरलेला तुकडा) बसवायला १८,००० लागणार होते, ते वजा केले तर १,३२,००० उरतात. सकाळी दादाला सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

दादा काही बोलायच्या आत फोरमनकाका म्हणाले, "ताई, तास कुठून आणणार?"

हे माझ्याकडून पूर्ण राहून गेलं होतं. डबा आणि झाकण एकाच शॉटमध्ये, म्हणजे साचा एकदा भरला की, निघतात, तासाला १०० डबे. २०,००० म्हणजे तीन नंबर मशीनचे २०० तास. दोन पाळ्या, शुक्रवारची सुट्टी सोडून चार आठवड्यांचे २४ दिवस, एकूण ३८४ तास. त्यातले २६४ तास जांभळी नाक्याच्या मालाला लागलेले. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याआधीचा मे महिना आमचा सगळ्यात मोठा. मोकळे तास १२०, कमी पडत होते ८०.

ते ८० तास नेहमीच्या मालातून काढले तर? जांभळी नाक्याच्या डब्यात आम्हाला छत्तीस वजा साडेअठरा, म्हणजे साडेसतरा रुपये सुटतात. तासाला १,७५०. ऐंशी तासांचे १,४०,०००. माझे १,३२,००० त्यात बुडून वर ८,००० चा खरा तोटा. हे पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत. हातचा माल सोडून दिल्यामुळे जे येत नाही, त्याची नोंद वहीत होतच नाही, आणि म्हणूनच तो खर्च डोळ्यांतून निसटतो. माझ्याही निसटला. काकांनी विचारलं नसतं, तर मी दादाला चुकीचा होकार द्यायला लावला असता.

मोकळ्या तासांत बसतील तेवढेच १२,००० देऊ का, असं कंपनीला विचारलं. त्यांना २०,००० च हवे होते.

मग उरला ओव्हरटाइम. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे जादा तासाला दुप्पट मजुरी द्यावी लागत होती. ऑपरेटर आणि हेल्पर मिळून तासाचे १७०, दुपटीने ३४०. ऐंशी तासांचे २७,२००. दोन्ही पाळ्यांनी रोज एक तास चाळीस मिनिटं जास्त काम करायचं, म्हणजे कुणाचेही दिवसाचे दहा तास ओलांडत नाहीत. पॅकिंगच्या ताईंना दिवसाच्याच वेळेत ते काम जमणार होतं. दुसरी पाळी मात्र अकराऐवजी रात्री बारा चाळीसला सुटणार. एवढ्या रात्री दोघांनी घरी जायचं कसं? रोजची १५० रुपयांची रिक्षा धरली, २४ दिवसांचे ३,६००. हा खर्च या ऑर्डरमुळेच येतो, म्हणून तो तिच्याच नावावर. डिमांड चार्ज वाढणार नव्हता, कारण मशीन तेवढीच, फक्त जास्त वेळ चालणार. एका वेळी ओढली जाणारी वीज तीच राहते.

दाण्यावरून दादाशी माझं खरं भांडण झालं. स्टोअरमध्ये ६०० किलो दाणा पडलेला होता, महागाईत ११८ ने घेतलेला. दादा म्हणे, पहिला तो वापरणार, तर ११८ च धर. मी म्हटलं, हा दाणा आपण रोज वापरतो. या ऑर्डरला ६०० किलो काढले की तेवढेच आपल्याला बाजारातून परत भरावे लागणार, आजच्या ११० ने. ११८ दिले ते देऊन झाले, होकाराने किंवा नकाराने ते परत येत नाहीत. दादाने बराच वेळ मान्य केलं नाही. मग मी विचारलं, उद्या भाव १२५ झाला असता तर तू ११८ धरून स्वस्तात डबे दिले असतेस का? तेव्हा तो गप्प झाला.

हिरव्या मास्टरबॅचचं उलटं. एका गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तेव्हापासून ४० किलो पोतं दोन वर्षं कोपऱ्यात पडून होतं, २८० रुपये किलोने घेतलेलं. तो रंग आमच्या दुसऱ्या कुठल्याच मालात चालत नाही. व्यापारी फार तर ६० देत होता. डब्याला २ ग्रॅम, म्हणजे लागणार होते बरोबर ४० किलो. हे परत भरायचं नाही, त्यामुळे त्याची किंमत नव्याचे २५० नाहीत आणि दिलेले २८० ही नाहीत. विकून जे आले असते तेच, २,४००. काकांनी आधी शंभरेक शॉट काढून रंग नीट पसरतो का ते पाहिलं.

जांभळी नाक्याचे व्यापारी स्वतःचा टेम्पो पाठवतात, भिवंडीला आम्हाला पाठवायला लागणार होता. तीन फेऱ्या, १३,५००. जीएसटी मी दोन्हीकडे धरला नाही. दाण्यावर भरलेला क्रेडिटमध्ये परत मिळतो आणि विक्रीवरचा सरकारला जातो.

सगळं मिळून: दाणा २,२०,०००, मास्टरबॅच २,४००, रिंग ४०,०००, पॅकिंग ७०,०००, वीज ३०,०००, ओव्हरटाइम २७,२००, रिक्षा ३,६००, इन्सर्ट १८,०००, टेम्पो १३,५००. बेरीज ४,२४,७००. येणार ५,२०,०००. उरतात ९५,३००. डब्याला साधारण सव्वाएकवीसच्या खाली मात्र जायचं नाही.

दादाचा एक आक्षेप बेरजेने मिटणारा नव्हता, आणि तो मला पूर्ण पटला. "सगळ्यांनाच २६ ला दिला तर भाडं कोण भरणार?" खरंच आहे. ते ९ रुपये कुणीतरी भरायलाच हवेत, आणि ते जांभळी नाक्याचा ३६ चा डबा भरतो. हा भाव बाजारात फिरला तर आमचं कंबरडं मोडेल. म्हणून पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या लेखी ऑर्डरवर, लिहून घेतलं की डबे फक्त कर्मचाऱ्यांना वाटायचे, विकायचे नाहीत. रंग वेगळा आणि झाकणावर चिन्ह, त्यामुळे ते दुकानात ठेवणंही अवघड होतं.

बोलणी दादानेच केली. भाव २६ च राहिला, पण इन्सर्टचे १८,००० कंपनीने द्यायचं कबूल केलं, आणि निम्मी रक्कम आगाऊ. आगाऊ मिळाली नसती तर दाण्यासाठी बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून उचल करावी लागली असती आणि तिचं व्याजही याच ऑर्डरवर चढलं असतं. उरलेल्या पैशांसाठी, आमची उद्यम नोंदणी आहे म्हणून, २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यातली ४५ दिवसांची मुदत पीओवर घातली.

मेमध्ये एके दिवशी वीज गेली आणि सहा तास जादा ओव्हरटाइम द्यावा लागला, २,०४० रुपये. बाकी अंदाजाप्रमाणे झालं. हातात उरले १,११,२६०.

सप्टेंबरमध्ये तोच फोन परत आला. दिवाळीसाठी तेच २०,०००, तोच भाव. इन्सर्ट तयार होता, म्हणून दादा या वेळी लगेच हो म्हणायच्या बेतात होता. पण हिरवा मास्टरबॅच संपला होता, नवा २५० नेच घ्यावा लागणार होता. मशीन दिवाळीच्या मालाने भरलेलं, आणि माणसं नेहमीच्याच ऑर्डरींसाठी आधीच जादा थांबत होती. आता दिलेला प्रत्येक तास जांभळी नाक्याच्या १,७५० रुपयांवर पाणी सोडूनच द्यावा लागला असता. साडेअठरा, त्यावर साडेसतरा, आणि टेम्पोचे ६८ पैसे: ३६ रुपये ६८ पैसे. दादाने त्यांना ३७ सांगितला. त्यांना तो परवडला नाही. त्या महिन्यात तीन नंबर मशीन नेहमीच्या ३८४ तासांपैकी ३७९ तास जांभळी नाक्याचे डबे काढत होतं.