'उघडलंच आहे तर…'

मागच्या पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला घरी येताना कसारा घाटात गाडीचा तापमानाचा काटा 120 अंशांच्या पुढे गेला. पुढच्या वळणावर थांबू, त्याच्या पुढच्या वळणावर थांबू, असं करत मी वर येऊनच थांबलो. कारण किरकोळ निघालं. रेडिएटरच्या पंख्याला इंजिनाशी जोडणारं व्हिस्कस कपलिंग गेलं होतं. पंखा फिरताना दिसायचा, पण वारा ओढत नव्हता.

गाडी मर्सिडीज ई 250 डी, 1996 ची. मर्सिडीजने 1995 साली पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली ती याच डब्ल्यू 124 मॉडेलपासून. मामेसासऱ्यांनी आठ वर्षांपूर्वी ती मला दिली, "न्या जावईबापू, नाहीतर भंगारवाला नेईल," म्हणून. पाच सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, 2497 सीसी. बिनटर्बोचं डिझेल, त्यामुळे घाई तिला ठाऊक नाही.

घाटानंतर पाण्याच्या टाकीत बुडबुडे दिसू लागले, पाणी कमी व्हायला लागलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, त्याच्या खालचं पॅकिंग गेलं असणार हे उघड होतं, तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून खात्री करायची होती. मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो. मोजल्याशिवाय झोप येत नाही. या इंजिनात कॉम्प्रेशनचं गेज ग्लो प्लगच्या, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला तापणाऱ्या कांडीच्या, भोकात बसतं, म्हणजे आधी पाचही प्लग काढायचे. इथेच मी माती खाल्ली. हे प्लग लांब आणि बारीक असतात, टोकाशी काजळी बसून हेडमध्ये घट्ट होतात. इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून, थोडं सैल थोडं घट्ट असं करत काढायचे असतात. मी रविवारी सकाळी थंड इंजिनावर पाना लावला. पहिला, दुसरा निघाला. तिसऱ्याला पाना मऊ फिरला. ज्याने कधी बोल्ट तोडलाय त्याला तो मऊपणा माहीत असतो. डोकं पान्यात आलं, उरलेला प्लग हेडमध्ये.

शहाणपण सुचलं ते त्यानंतर. उरलेले दोन प्लग तीन दिवस तेलात भिजवून काढले. मापं घेतली. धडधाकट इंजिनाला 26 ते 32 बार हवेत, 18 च्या खाली गेलं की संपलं. एक, दोन आणि पाच नंबर 24-25 ला आले, चार नंबर 16. तीनचं माप अर्थातच नाही. हेड उतरवलं तेव्हा तीन आणि चारच्या मधली पॅकिंगची पट्टी जळून काळी झालेली दिसली.

आता खरं तर पॅकिंग बदलून, तुटका प्लग ड्रिल करून घेऊन बंद करायचं होतं. पण तीन नंबरच्या भिंतीवर दोन उभे ओरखडे होते, आणि वडाळा नाक्याचे मिस्त्री चाचा बघायला आले होते. चाचा सत्तरीचे आहेत, गाडीच्या आवाजावरून रोग सांगतात. ते म्हणाले, "साहेब, उघडलंच आहे तर…"

पुढचा महिनाभर हेच वाक्य मी प्रत्येकाकडून ऐकलं. लेथवाल्याचं म्हणणं, उघडलंच आहे तर पाचही सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठे करून टाकू, हेडलाही फेसिंग मारून सपाट करू. ऑफिसातला मित्र म्हणाला, हे कशाला, कुर्ल्याहून हाफकटचं, म्हणजे अर्ध्या कापलेल्या जुन्या गाडीचं, इंजिन आण. ते आणलं की इंजिन नंबर बदलणार, मग आरटीओच्या फेऱ्या. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीच्या त्या फेऱ्या मी एकदा मारल्यात, पुरे. तिसरा म्हणाला, टर्बो बसव. पिस्टन बाहेर काढायचं मात्र मी कबूल केलं. त्यासाठी इंजिनाखालचा ऑइलचा संप (तळाची थाळी) काढावा लागतो, आणि संप काढायचा तर इंजिन उचलावंच लागतं. इंदिरानगरच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये लोखंडी पाइपांची तिकाटी उभी केली, चेनपुली लावली आणि दोनशे किलोच्या वरचं ते धूड बाहेर घेतलं. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. लग्नाच्या मुहूर्ताला असते तशी शांतता होती.

बोअरचा निर्णय मी बोअर गेजवर सोडला. मूळ माप 87.00 मिलिमीटर. ब्लॉकच्या माथ्यावर प्रत्येक सिलिंडरशेजारी ए, एक्स किंवा बी असं अक्षर ठोकलेलं असतं, म्हणजे कारखान्यातून निघतानाच मायक्रॉनच्या फरकाने गट पाडलेले. वर, मध्ये, खाली, उभं-आडवं अशी प्रत्येक सिलिंडरची सहा मापं घेतली. सगळ्यात झिजलेला तीन नंबर, वरच्या रिंगच्या जागी 87.05. ओरखड्यांवर नख अडकत नव्हतं. एवढ्यासाठी बोअर नाही मारायचा. भिंती हलक्या घासायच्या, म्हणजे होनिंग, आणि पिस्टनला नव्या रिंगा, बस. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातलं, तिथेही फेसिंगची गरज नव्हती. लेथवाल्याचं तोंड उतरलं, पण तुटका प्लग त्याने फार सफाईने काढून दिला.

रिंगा मागवल्या त्या फसव्या निघाल्या. पाकीट जर्मन, छपाई झकास. पण नवी रिंग बसवण्याआधी तिचं तोंड मोजायचं असतं: रिंग मोकळ्या सिलिंडरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करायची आणि दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज सरकवायचं. पाव मिलिमीटरच्या आसपास अपेक्षा होती. मला दीड मिलिमीटर मिळाली, आणि पाचांपैकी दोन संचांची जाडीही वेगळी. दुकानदार फोनवर म्हणाला, "बसतील हो, चालतात." परत घेतल्या नाहीत. दुसरा संच दिल्लीच्या कश्मीरी गेटहून आला, त्यात तीन आठवडे गेले.

ते तीन आठवडे धुण्यात गेले. डिझेल, ब्रश, कॉटन वेस्ट, पुन्हा डिझेल. व्हॉल्व्ह दाबणारे वीस टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर टाकून ठेवले, कारण ज्याचा त्याच जागी जायला हवा. व्हॉल्व्हच्या चिमुकल्या लॉकना जागा सापडेना, म्हणून मसाल्याचा डबा घेतला. "अहो, यात मोहरी होती ना?" एवढंच बायको म्हणाली, पण त्या सुरात सगळं होतं.

बॉशच्या डिझेल पंपाला मी हात लावला नाही. चालतोय तो पंप उघडणाऱ्याला मी मिस्त्री मानत नाही. क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील बदला असं चाचा दोनदा म्हणाले होते. सील मऊ होतं, गळत नव्हतं. एव्हाना मला नाही म्हणायची सवय लागली होती. नाही म्हणालो.

हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतात. व्हर्नियरने लांबी मोजली, चार वाढलेले निघाले, सगळेच नवे घेतले. मधून बाहेरच्या दिशेने टॉर्क, मग 90 अंश, मग पुन्हा 90. शेवटच्या फेरीत पाना कण्हतो आणि आपणही. टायमिंग चेन बसवल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवला. कुठेच अडला नाही, खुणा जुळल्या.

जानेवारीतली सकाळ, नाशिकची थंडी. इंजेक्टरच्या नळ्या सैल ठेवून आधी नुसता स्टार्टर फिरवला. ऑइलचा काटा हलेना. दुसऱ्यांदा फिरवला, तेव्हा उठला आणि थेट 3 वर जाऊन टेकला. नळ्या आवळल्या, ग्लोचा दिवा विझू दिला, चावी फिरवली. आधी तीन सिलिंडर बोलले, मग चार, पांढरा धूर पार शेजारच्यांच्या तुळशीपर्यंत गेला आणि मग पाचवा लागला. पाच सिलिंडरचा तो तिरका ठेका पुन्हा सुरू झाला.

खर्च 1,18,000, त्यात नवं व्हिस्कस कपलिंग धरून. हजार किलोमीटरला पहिलं ऑइल बदललं, लोहचुंबक फिरवला, चिमूटभरही कीस नाही. मार्चमध्ये कसारा चढलो, काटा 90 च्या वर गेला नाही.

एप्रिलमध्ये पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब. मागचं सील. तीनशे-चारशे रुपयांची वस्तू, पण आता गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. चाचा वाकून बघत म्हणाले, "काय साहेब, उघडायचं?"

मी गाडीखाली एक पुठ्ठा सरकवला.