घशाला झोंबणारं तेल

आईच्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 162 आलं. लोणी आणि चीज कमी करा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्याच आठवड्यात मी एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची बाटली आणली. आईने चमचाभर चाखलं आणि तिला ठसकाच लागला. "अगं, हे खवट झालंय. टाकून दे." मग मी चाखलं. आधी कापलेल्या गवतासारखा वास, मग जिभेवर कडवटपणा आणि गिळून झाल्यावर जरा वेळाने घशात खोलवर झोंबलं. मलाही ते बिघडलेलंच वाटलं. अख्खी बाटली ओतून दिली आणि 'लाइट' लिहिलेलं फिकट, बिनवासाचं तेल आणलं. वर्षभर तेच वापरलं. याची हळहळ अजून जात नाही, कारण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच मी ओतून टाकलं होतं.

ते झोंबणं ओलिओकॅन्थाल या द्रव्याचं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने सिसिलीत ताजं तेल चाखलं आणि त्याला ती जळजळ ओळखीची वाटली. पातळ औषधातलं आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घशाला नेमकं तिथेच झोंबतं. त्यावरून शोध सुरू झाला आणि 2005 साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापून आले: आयबुप्रोफेन दाहाशी संबंधित जी विकरं (एन्झाइम) रोखतं, तीच हे द्रव्यही रोखतं. प्रमाण मात्र अगदी थोडं असतं. 50 ग्रॅम चांगल्या तेलातून आयबुप्रोफेनच्या मोठ्या माणसाच्या डोसाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा परिणाम मिळतो. डोकं दुखतंय म्हणून कुणी तेल पिऊ नये. रोज थोडं थोडं पोटात जाणं, एवढंच त्याचं काम.

तेल रिफाइंड केलं की अशी द्रव्यं बहुतेक निघून जातात. 'लाइट' तेल असंच रिफाइंड केलेलं; 'लाइट' म्हणजे फक्त रंगाला आणि चवीला हलकं. उष्मांक तेवढेच, एका मोठ्या चमच्याला सुमारे 120. तरी ते वर्ष पूर्ण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ओलिक आम्ल हे चांगलं स्निग्ध आम्ल दोन्ही तेलांत भरपूर असतं, आणि लोण्याच्या जागी ते आलं तर एलडीएल उतरायला मदत होते.

'जागी' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. कुणाचं तरी ऐकून आईने रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे तेल प्यायला सुरुवात केली होती. लोणी मात्र होतं तेवढंच. तीन महिन्यांत तिचं वजन दोन किलो वाढलं. तेल कितीही चांगलं असलं तरी ती चरबीच. एक काढायची आणि दुसरी घालायची, तरच उपयोग. तेल पिणं बंद केलं, लोणी आठवड्यातून एकदा, आणि आता तेच तेल टोमॅटोवर, उकडलेल्या भाज्यांवर, डाळींवर वरून घालते. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तेलाबरोबर शरीरात जास्त शोषलं जातं, हा वरचा फायदा. बेताच्या आचेवर परतायलाही हे तेल चालतं, पण थोडं तेल न तापवता कच्चंच खावं.

स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासावर माझा विश्वास बसला तो त्यातली चूक वाचून. हृदयविकाराचा धोका असलेली 7,447 माणसं त्यात होती. एका गटाला भूमध्यसागरी आहाराबरोबर दर घरी आठवड्याला सुमारे एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल दिलं होतं. 2013 साली निष्कर्ष आले. पुढे काही ठिकाणी गट पाडताना नियम पाळले नव्हते असं उघड झालं, म्हणून तो लेख मागे घेतला आणि नव्याने हिशेब करून 2018 साली पुन्हा छापला. उत्तर जवळपास तेच राहिलं: हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मिळून तुलनेच्या गटापेक्षा सुमारे 30 टक्के कमी. अर्थात तो सगळा आहार होता, नुसतं तेल नव्हे.

खवट तेल कसं असतं ते मला नंतर कळलं. शेगडीजवळ राहिलेल्या एका बाटलीला जुन्या मेणाच्या खडूंसारखा वास यायला लागला आणि घशाला झोंबणं पार गेलं. उजेड, उष्णता, हवा, तिन्ही या तेलाचे वैरी. आता गडद काचेची लहान बाटली घेते, फळं तोडल्याची तारीख छापली असेल तर ती आधी बघते आणि बाटली बंद कपाटात ठेवते.

आईचं एलडीएल आता 118 आहे. तिची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी मधल्या काळात सुरू झाली, त्यामुळे यातलं किती तेलाचं आणि किती गोळीचं ते मी सांगू शकत नाही. गोळी चालूच आहे. नवीन बाटली उघडली की पहिला चमचा मात्र आईच चाखते, आणि ठसका लागला नाही तर विचारते, "तारीख बघितली होतीस ना?"